होडीच्या फळ्यांचा झोपाळा

"माजी पेन्शील कुनी उचलली?"

काकींचा हा प्रश्न दिवसातून किती वेळा कानी येई ते सांगणे कठीण. पण तो विचारला जाई तेव्हा पेन्सिल त्यांच्या अंबाड्यातच असे, हे मात्र निश्चित. सुतार वापरतात तसली चपटी लाल पेन्सिल, अबोलीच्या गजऱ्याशेजारी आडवी खोचलेली. काकी फळी उचलून तिच्याखाली बघत, भुशात हात फिरवत, पदर झटकत आणि शेवटी संशयाने मांजराकडे पाहत.

त्यांच्या घरी भाड्याने राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी प्रामाणिकपणे सांगून टाकले, "काकी, केसांत आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "शोदू दे. शोदताना दुसरंबी गावतं."

आणि खरोखरच त्या शोधात कधी हरवलेला स्क्रू सापडे, कधी पटाशी, कधी सकाळी विसरलेला चहाचा कप. पुढे मी कधीच सांगितले नाही. एखादी पद्धत उपयोगी पडत असेल, तर तिला चूक म्हणण्याचे कारण नसते.

घरी हौसेने सुतारकाम करणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. गच्चीवर किंवा बाल्कनीत त्यांचे टेबल असते, भिंतीवर अवजारे उंचीच्या क्रमाने टांगलेली असतात आणि पाहुणा आला की कुठला रंधा कुठून मागवला ते ऐकवले जाते. काकी त्या जातीच्या नव्हत्या. त्यांना सुतारकाम शिकायचे नव्हते. त्यांना एकच वस्तू करायची होती, आणि तिच्या वाटेत सुतारकाम आडवे आले म्हणून त्यांनी ते शिकून घेतले.

मी मूळची लातूरकडची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. औषधांचा कच्चा माल तपासायचा, शुद्ध आहे की नाही ते सांगायचे. बोईसरमध्ये खोल्या पुष्कळ होत्या, पण तिथल्या गलबल्यात वाचन होईना, आणि मला तर पुढे संशोधनाला जायचे होते. म्हणून चिंचणीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, काकींच्या घराची माडी घेतली. माझा हिशेब साधा होता: कंपनीची बस, आठ तास काम, उरलेला वेळ अभ्यास. माणसांचा त्या हिशेबात समावेश नव्हता.

काका त्या गावात 'तांडेल' म्हणूनच ओळखले जात. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. पाण्यात त्याचा शब्द शेवटचा. मी राहायला आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला आणि भाषा हरवली. उरले दोनच शब्द, 'हां' आणि 'नाय'. त्यांतला पहिला क्वचितच वापरला जाई. ते प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसत. चिडत नसत, रडत नसत, जेवण समोर आले की जेवत. मात्र झोपत नसत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, बोलत राहायला सांगितले होते. काकींनी दोन्ही केले आणि मग स्वतःचे निदान काढले.

"जमीन हालत नाय ना," त्या मला म्हणाल्या. "जलमभर हालनाऱ्या जागेवर निजला त्यो. आता त्याला दगडावर ठेवलाय. झोप कशी येनार? त्याला झोपाला पायजे. झोपाल्यावर बसला की मानूस परत येतंय का नाय बग."

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मला हे निदान कच्चे वाटले. पण त्याहून बरे माझ्याकडेही नव्हते. "मग बोईसरहून तयार झोपाळा आणू की," मी म्हटले.

"दुकानाच्या लाकडावर बसंल त्यो? वलखीचं लाकूड पायजे."

ओळखीचे लाकूड म्हणजे काकांची होडी. मुलगा नव्हता, मुलगी वाणगावला दिलेली. इंजिन आणि जाळी पुतण्याकडे गेली, आणि जुना सांगाडा मोडायला निघाला तेव्हा काकी किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. फळ्या टेम्पोतून घरी आल्या. पूर्वी जाळी ठेवायची मागची खोली रिकामी झाली होती. तिथे काकींचा कारखाना सुरू झाला.

अवजारे जमतील तशी जमवलेली. पटाश्या कुणा नातेवाइकाच्या, करवत शेजाऱ्यांची, आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे अवजार, मुलीच्या सासऱ्यांनी दिलेला. मासळी कापायची जाड फळी दोन लाकडी खोक्यांवर टाकून टेबल केले होते. फळ्या आवळून धरायला शिकंजे नव्हते. सांध्याला सरस लावला की काकी जाळ्याची नायलॉनची दोरी भोवती गुंडाळीत, तिच्यात काठी घालून पिळत, आणि पीळ सुटू नये म्हणून ती काठी फळीला बांधून टाकीत. दोरी लाकडाला इतकी आवळून बसे की सांध्यातून जादाचा सरस थेंबाथेंबाने बाहेर येई. दिवाळीला मी त्यांना लोखंडी शिकंजे भेट दिले. ते त्यांनी फार आवडीने वापरले: वाऱ्याने आपटणारे मागचे दार अडकवून ठेवण्यासाठी.

धार हा त्यांचा प्रांत होता. आयुष्यभर मासळी कापून विकलेली बाई. दगडावर पाणी टाकून पटाशी घासू लागल्या की आवाजावरूनच त्यांना कळे, कुठे पाते टेकते आहे आणि कुठे नुसते फिरते आहे. करवत मात्र हातात आली की डावीकडे पळे. यासाठी त्यांनी क्रमाने करवतीला, लाकडाला, वाऱ्याला आणि एकदा सावली पाडल्याबद्दल मला दोष दिला. शेवटी मी मोबाइलवर त्यांचे चित्रण केले आणि त्यांनाच दाखवले.

"ही कोन बाई?" काकी म्हणाल्या. "कोपर बग कसं उडवते, बदकावानी!"

खांदा, कोपर आणि करवत एका रेषेत आली पाहिजेत, एवढेच मी सुचवले. पुढची फळी सरळ कापली गेली. काकींनी ती मला, मग मांजराला आणि मग भिंतीकडे बघत बसलेल्या तांडेलना दाखवली. "बग रे. सूतभर हालली नाय."

तांडेलनी बघितले नाही.

काकींचे एक वाक्य होते. कुसू, म्हणजे फळीचे कोरलेले टोक, खाचेत नीट शिरले नाही, किंवा भोक थोडे तिरके पडले, की त्या कमरेवर हात ठेवून म्हणत, "बसलं तं बसलं, नाय तं परत." त्यात वैताग नसे. पुन्हा करायचे आहे, एवढीच ती नोंद असे. प्रयोगशाळेत आम्हाला जे सोसायला वर्षे लागली, ते काकींनी एका वाक्यात मिटवून टाकले होते.

जुन्या रंध्याला चीर गेली तेव्हा आम्ही एका रविवारी बोईसरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार उत्तरेकडचा. "भाभीजी, मिस्त्री को भेज दो," तो म्हणाला, "वो देख के ले जाएगा."

"मैंच मिस्त्री हाय," काकी म्हणाल्या. "रंधा दिखाव."

त्याने हसून एक हलका, चकचकीत रंधा पुढे केला. काकींनी पाते सोडवले, अंगठा त्यावरून आडवा फिरवला आणि ते परत दिले. "इससे बोंबील बी नय कटेगा."

बोंबील किती मऊ असतो हे तिथल्या गिऱ्हाइकांना सांगायची गरज नव्हती. सगळे दुकान हसले, दुकानदारही हसला, आणि आतून दुसरा रंधा आला. त्या दिवसापासून तो त्यांना 'मिस्त्री भाभी' म्हणू लागला आणि काकींनी ते नाव वाणगावपर्यंत पोहोचवले.

माझा त्या झोपाळ्यात शिरकाव झाला तो मिठामुळे. होडीचे सागवान वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात मुरलेले. रंधा फिरवला की सालपटांना समुद्राचा वास येई. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, म्हणजे पावसाळ्यात झोपाळा घामेजणार, त्यावर तेल धरणार नाही. मी सुचवले, की फळ्या गोड्या पाण्यात भिजवायच्या, पाणी बदलत राहायचे आणि प्रत्येक वेळी त्यातले थोडे पाणी मी प्रयोगशाळेत तपासायचे. त्यासाठी एका रसायनाचे दोन थेंब पुरतात. मीठ असेल तर पाणी दुधासारखे पांढरे होते. मी परवानगी काढून ते रसायन थोडेसे घरीही आणले आणि काकींसमोर ते थेंब टाकले.

"दूद झालं!" त्या ओरडल्या.

पुढच्या वेळी पुन्हा दूध. त्याच्या पुढच्या वेळीही. फळ्या कितीही धुतल्या तरी पाणी पांढरे ते पांढरेच. मी अस्वस्थ झाले. आणि मग, जे सर्वांत आधी करायला हवे होते ते केले. फळ्यांशी काही संबंध नसलेले, थेट विहिरीतून काढलेले पाणी तपासले. तेही दूध झाले.

काकी भिंतीला टेकून हसू लागल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "म्हंजे फल्यांचं काय नाय. आमीच खारट हाव, पोरी. फल्या काय करतील?"

मग पावसाचे साठवलेले पाणी वापरले आणि दूध हळूहळू पातळ होत गेले. लोखंडी खिळे जिथे होते तिथे लाकडावर निळसर काळे डाग पडले होते. गंज आणि सागातले रस यांच्या संयोगाने ते पडतात. ते घालवायचे औषध मला ठाऊक होते. काकींनी मान हलवली. खिळ्यांच्या भोकांत त्यांनी एकेक लाकडी खुंटी ठोकून बसवली, पण डाग राहू दिले. "त्याच्या हातानं मारलेले खिले हायेत," एवढेच म्हणाल्या. फळ्या एका टोकाला किंचित अरुंद होत गेल्या होत्या. होडीच्या तोंडाकडे निमुळत्या व्हायच्या तशा. तोही आकार त्यांनी ठेवला. झोपाळ्याचे एक टोक रुंद, एक अरुंद.

एकदा मी रंध्यासमोर फळी धरून बसले होते तेव्हा काकी अचानक म्हणाल्या, "तू जानार."

"अजून काही ठरलं नाही."

"ठरलं नाय तरी जानार. तू खुर्चीत बसतेस कशी, बगते ना मी. कडंला."

"वाईट वाटेल तुम्हाला?"

काकींनी रंधा पूर्ण पुढे ढकलला. लांब, अखंड सालपट वळत वर आले. "आमच्या घरात जानाऱ्याला बगायला बाईमानूस बंदरावर जात नाय. माज्या सासूनं घातलेली रीत. होडी निगताना मी एकदाबी गेली नाय. येताना मात्र मी पयली. पाटी घेऊन हुबी. जानाऱ्याचं काय बगायचं? येनाऱ्याचं बगायचं."

ते मी तेव्हा एक सुंदर वाक्य म्हणून ऐकले. त्यातली माहिती माझ्या लक्षात आली नाही.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला काकींनी अवजारांना हळदकुंकू लावले, करवतीला झेंडूचे फूल वाहिले आणि झोपाळा टांगला. घराच्या बाजूने एक लांब पडवी जाते. तिचे एक टोक फाटकाकडे आणि रस्त्याकडे, दुसरे समुद्राकडे. मधल्या तुळईला पितळी कड्यांवर झोपाळा लटकला. रुंद टोक समुद्राकडे, तिथे उशी; अरुंद टोक फाटकाकडे. पाय लांब करून टेकून बसले की पाठीवर वारा आणि समोर रस्ता. "येनारीजानारी मानसं दिसतील," काकी म्हणाल्या. "भिंतीपरीस बरं." जवसाच्या तेलाने सागवान उजळले होते. मला ती वस्तू अप्रतिम वाटली, आणि मी सहजी असे म्हणणारी नाही.

तांडेलना आम्ही दोघींनी धरून आणले. त्यांनी डावा हात फळीवर ठेवला. खिळ्यांच्या डागांवरून हात हळूहळू सरकत गेला, अरुंद टोकापर्यंत पोहोचला आणि थांबला. मग त्यांनी ते टोक समुद्राच्या बाजूला ढकलले. झोपाळा नुसताच तिरका हलला.

"नाय," ते म्हणाले.

"बसलं तं बसलं, नाय तं परत," काकी म्हणाल्या. पण या वेळी हात कमरेवर नव्हते.

मी पुढे झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे मी ठरवले. उंची कमी केली, पाय जमिनीला पुरते टेकतील इतकी. "नाय." कड्या कुरकुरत होत्या, त्यांना तेल दिले. "नाय." जवसाचा वास जाईपर्यंत वाट पाहिली. उशी बदलली. गोधडी घातली. प्रत्येक वेळी तांडेल तेच करीत: हात डागांवरून अरुंद टोकाकडे, मग समुद्राच्या बाजूला ढकलणे, मग तो एक शब्द. मी त्याला नकार समजत होते. ढकलणे नेहमी एकाच टोकाला होते आणि एकाच दिशेला होते, हे मला दिसत होते; अर्थ लागत नव्हता.

मग तांडेल पुन्हा खुर्चीत गेले, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवसांत मागची खोली बंद राहिली. पेन्सिल अंबाड्यात होती. पण ती कुणी शोधली नाही.

एका संध्याकाळी मी बसमधून उतरले तेव्हा काकी किनाऱ्यावर उभ्या दिसल्या. हातात पाटी नव्हती. मी जाऊन शेजारी उभी राहिले. भरतीबरोबर एक होडी आत येत होती, आणि तिच्या पलीकडून दुसरी बाहेर निघाली होती. काकी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

"पोरी, त्या येनाऱ्या होडीचं तोंड कुटं हाय?"

"आपल्याकडे."

"आन् त्या दुसरीचं?"

"समुद्राकडे."

काकींनी माझा दंड धरला. "मी नुसती येताना बगितली गं होडी. जलमभर. तोंड माज्याकडं असलेली. माज्यासाटी होडी म्हंजे तशी. मी तशीच टांगली." त्या बाहेर निघालेल्या होडीकडे वळल्या. "पन त्याच्यासाटी तोंड घराकडं वललं म्हंजे धंदा सरला. दिवस सरला. त्यो कसा बसंल त्याच्यात? त्यो मला सांगत व्हता, फिरव. रोज सांगत व्हता."

आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो. कड्या सोडवल्या, फळी उचलली, जागच्या जागी फिरवली, पुन्हा अडकवली. शास्त्राच्या दृष्टीने काहीही बदलले नव्हते: वजन तेच, लांबी तीच, हेलकाव्याला लागणारा वेळ तोच. फक्त अरुंद टोक आता समुद्राकडे होते.

तांडेल आले. डावा हात डागांवरून सरकत गेला, टोकापर्यंत पोहोचला. तिथे त्यांनी तळवा क्षणभर टेकवून ठेवला, आपण ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो तसा. मग कडी धरून ते स्वतः बसले. पाय एकामागून एक वर घेतले, लांब केले. समोर पडवीचे टोक होते, माडांच्या मधून दिसणारी पाण्याची पट्टी होती. झोपाळा हलू लागला.

"हां," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांची मान कलली. ते झोपले होते. मी काकींकडे वळले. त्या पडवीच्या कडेला बसून पटाशी दगडावर घासत होत्या, खाली मान घालून. आणि त्या घासण्याला आज ताल नव्हता.

"माजी पेन्शील कुनी उचलली?" त्या म्हणाल्या.

"शोधते मी," मी म्हटले.

त्यानंतर तांडेल 'परत' आले का? वैद्यकीय भाषेत फार नाही. शब्द दोनच राहिले. पण 'हां' वाढला. ते दिवसभर समुद्राकडे तोंड करून झुलत, हवा बदलली की आकाशाकडे बोट करत, पुतण्या सल्ल्याला आला की दोन शब्दांत त्याला पुरेल एवढा सल्ला देत. काकी मागच्या खोलीतून ओरडून काहीतरी विचारीत, आणि पडवीतून उत्तर येई. संसाराला लागणारे बहुतेक सगळे बोलणे 'हां' आणि 'नाय' यांत मावते, हे मला त्या घरात कळले.

एकच वस्तू करायची म्हणून सुतारकाम शिकलेल्या काकी पुढे थांबल्या नाहीत. उरलेल्या फळ्यांचे त्यांनी पाट केले, मुलीसाठी मसाल्याचा डबा केला, आणि मला पुस्तके ठेवायला मांडणी करून दिली. ती किंचित डावीकडे कललेली होती. "पुस्तकं जड हायेत तुजी," काकींचे स्पष्टीकरण होते.

मला संशोधनाची जागा मिळाली, दूर, दक्षिणेला. निघायच्या सकाळी रिक्षा फाटकाशी उभी होती. तांडेलनी डावा हात वर केला. काकी मात्र पडवीतून बाहेर आल्या नाहीत. रंध्याचा आवाज येत होता.

"काकी, निघाले मी!"

"जा जा. येशील तवा बगीन."

फाटकाला एक लोखंडी कडी होती. लावताना आणि उघडताना ती खणकन वाजे. काकी बाजारातून आल्या की तिच्याच आवाजावर तांडेल मान फिरवीत. मी ती लावली, आणि आत रंधा थांबला. मी रिक्षात बसेपर्यंत तो पुन्हा सुरू झाला नाही.

पुढे फोन होत. काकी नवा स्टूल, नवी चौकट, कॅमेऱ्यात मावेल तेवढी दाखवीत. बऱ्याचदा नुसते छतच दिसे. माझे प्रयोग फसत तेव्हा त्या ऐकून घेत आणि म्हणत, "मंग? नाय तं परत." मी परत करी. येते, येते म्हणत राहिले. एक प्रयोग संपला की दुसरा उभा राही, आणि काकी कधी 'ये' म्हणाल्या नाहीत. अडवायची त्यांची रीतच नव्हती.

मग एक दिवस फोन आला तो त्यांच्या मुलीचा. दुपारी जेवून काकी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

मी गेले तेव्हा पाऊस सरून उन्हे पडली होती. फाटकाची कडी खणकन वाजली. पडवीत तांडेलनी झटकन मान वर केली. माझ्याकडे पाहिले. नीट, पुरते पाहिले.

"नाय," ते हळूच म्हणाले, आणि मान खाली घातली.

त्यांनी मला ओळखले नसावे, असे मला वाटले.

मुलगी आता वाणगावहून इथेच राहायला आली आहे. तिने चहा ठेवला. मी मागच्या खोलीत गेले. पटाश्यांना धार होती. अर्धवट सांध्याभोवती नायलॉनची दोरी पिळलेली तशीच, काठी बांधलेली. टेबलाच्या अगदी मधोमध, कुणालाही सहज दिसेल अशी, ती लाल पेन्सिल पडली होती. सापडलेली ती वस्तू मला बघवेना.

बाहेर येऊन पडवीच्या खांबाला टेकले तेव्हा ध्यानात आले. रुंद टोक आणि उशी समुद्राकडे होती. तांडेल फाटकाकडे तोंड करून बसले होते.

"झोपाळा कुणी फिरवला?" मी विचारले.

"बाबांनीच फिरवाया लावला," मुलगी म्हणाली. "आई गेल्यावर ते बसंनातच वर. परत ते टोक ढकलाया लागले, पन आता ह्या बाजूला, फाटकाकडं. मला काय कलंना, मी आपली गोधडी बदलते, कड्यांना तेल देते. मंग चुलतदादानं कड्या सोडल्या न् आख्खा फिरवला, तवा बसले. आता दिसभर आसंच." ती कप उचलून आत गेली. जाता जाता म्हणाली, "कडी वाजली की बगतात, न् 'नाय' म्हनतात."

मी तांडेलपाशी बसून राहिले, ऊन पडवीतून निघून जाईपर्यंत. बोलण्यासारखे मला पुष्कळ होते, आणि त्यांच्यापाशी दोन शब्द होते. त्यांतले कुठलेही मला लागू पडले नसते. झोपाळा हलत होता. फळीवरचे निळसर काळे डाग एका ओळीत, अरुंद टोकाकडे, फाटकाकडे निघाले होते.

निघताना मी फाटक ओढून घेतले. कडी दोन्ही हातांनी उचलून धरली, आणि लोखंडाला लोखंड लागू न देता, अगदी हळू, खाली ठेवली.